बिनतारी राउटर जोडण्यापूर्वी

आयुर्वेदीय चिकित्सालयात आणि औषधी पेढीत संगणक आला तो प्रथम हिशेबापुरता. बिले काढणे, साठ्याची नोंद ठेवणे, मुदत संपत आलेल्या चूर्णांची यादी करणे एवढेच त्याचे काम होते. एक संगणक, एक प्रिंटर आणि भिंतीच्या कडेने नेलेली एक तार एवढ्यावर सर्व भागत असे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विवरणपत्रे इंटरनेटवरूनच भरावी लागू लागली. पुढे रुग्णपत्रके संगणकात गेली, वैद्यांच्या मेजावर लॅपटॉप आला, साठा मोजणारा सहायक मोबाइलवर नोंदी करू लागला आणि प्रतीक्षाकक्षातील रुग्ण आपला क्रमांक विचारण्याआधी वाय-फायचा पासवर्ड विचारू लागला. तारेचे जाळे या सर्वांना पुरे पडत नाही. म्हणून एखादा माफक किमतीचा बिनतारी राउटर आणावा आणि जुन्या स्विचमध्ये त्याची तार खोचावी, असा विचार साहजिकच मनात येतो. छत्रपती संभाजीनगरातील ज्या व्यवसायबंधूंनी तो अमलात आणला त्यांपैकी काहींच्या तक्रारी आमच्या कानी आल्या, म्हणून हा लेखप्रपंच.

तक्रारी दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात जाळे बंद पडते. बिले निघत नाहीत, प्रिंटर सापडत नाही. हा त्रास मोठा दिसतो, पण तो लगेच कळतो आणि दुरुस्तही होतो. दुसऱ्या प्रकारात सर्व काही उत्तम चालते, कोणाचीही तक्रार नसते, आणि तरीही प्रतीक्षाकक्षातील कोणत्याही मोबाइलवरून रुग्णपत्रकांच्या संगणकापर्यंत वाट मोकळी झालेली असते. आमच्या मते खरी चिंता या दुसऱ्या प्रकाराची आहे. राउटर कोणत्या कंपनीचा घ्यावा यापेक्षा तो जाळ्यात कोणत्या जागी बसवावा, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

जुन्या जाळ्याची परीक्षा

औषध योजण्यापूर्वी रुग्णाची परीक्षा करावी हे आपणांस कोणी सांगावयास नको. राउटर विकत आणताना मात्र हा नियम आपण विसरतो. आधी जे आहे ते नीट पाहावे. बहुतेक ठिकाणी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची फायबरची तार एका डब्यात येते. त्या डब्याला आपण सवयीने मोडेम म्हणतो, परंतु त्यात अनेक कामे एकवटलेली असतात. आतील जाळे आणि बाहेरचे इंटरनेट यांमधील दाराची राखण करणे हे राउटरचे काम तो करतो. आतील प्रत्येक यंत्राला ओळखीसाठी अंकांचा एक पत्ता तो वाटून देतो. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. त्याच्या पाठीशी तारा खोचण्यासाठी काही पोर्ट असतात, म्हणजे लहानसा स्विचही तोच. आणि अलीकडच्या बहुतेक डब्यांत बिनतारी प्रसारणाचीही सोय असते.

शेवटची गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नवा राउटर आणण्यापूर्वी आहे त्याच डब्यातील वाय-फाय चालू आहे काय, आणि तो डबा केवळ लोखंडी कपाटामागे दडपलेला असल्याने त्याचा संदेश पोहोचत नाही काय, हे पाहावे. काही ठिकाणी डबा कपाटावर आणून ठेवला एवढ्यानेच काम भागल्याचे आम्ही पाहिले आहे.

त्यानेही भागत नसेल तर नवा राउटर येतो. आणि येथेच गोम आहे. बाजारात मिळणारा राउटर हाही वरील सर्व कामे करण्याच्या तयारीनेच आलेला असतो. तो खोक्यातून काढला की स्वतःला त्या घराचा एकमेव कारभारी समजतो. एका घरात दोन कारभारी झाले की काय होते हे सांगावयास नको.

दोन कारभारी

शहराच्या जुन्या भागातील एका औषधी पेढीत घडलेला प्रकार पाहा. सायंकाळी राउटर जोडला. मोबाइल व लॅपटॉप लगेच चालू लागले, सर्वांना समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर गल्ल्यावरील संगणक ठीक चालला, पण दुसऱ्या खिडकीवरील संगणकाला बिलांचा मुख्य संगणक सापडेना. दुपारी प्रिंटर रुसला. दुरुस्तीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने प्रिंटरची तार बदलली, मग बिलांची संगणकप्रणाली पुन्हा भरली. दोन दिवस हाताने बिले लिहावी लागली. दोष मात्र प्रिंटरमध्येही नव्हता आणि प्रणालीतही नव्हता.

घडले होते ते असे. जाळ्यातील यंत्र नव्याने चालू झाले की ते 'मला पत्ता द्या' अशी हाक सर्वांना मारते. त्या जाळ्यात आता पत्ते वाटणारे दोघे होते, जुना डबा आणि नवा राउटर. ज्याचे उत्तर प्रथम येईल त्याचा पत्ता ते यंत्र घेते. जुना डबा १९२.१६८.१ या मालिकेतील पत्ते देत होता, नवा राउटर १९२.१६८.० या मालिकेतील. (पडद्यावर हे आकडे इंग्रजी अंकांत दिसतात.) दोन मालिकांतील यंत्रे एकाच स्विचला जोडलेली असली तरी एकमेकांना परकी होतात. रात्री चालू राहिलेल्या यंत्रांचे पत्ते जुनेच होते म्हणून ती बिघडली नाहीत. सकाळी जी नव्याने चालू झाली त्यांना नशिबाप्रमाणे पत्ते मिळाले. संचय सायंकाळी झाला आणि प्रकोप दुसऱ्या दिवशी, त्यामुळे कारण आणि लक्षण यांची सांगड कोणालाच घालता आली नाही.

केवळ बिनतारी सोय हवी असेल आणि वाय-फाय फक्त आपल्या विश्वासातील माणसे वापरणार असतील, तर उपाय सोपा आहे. नव्या राउटरने कारभार न करता फक्त बिनतारी प्रसारण करावे. यास ॲक्सेस पॉइंट म्हणतात. अनेक राउटरांत ही पद्धत निवडण्याची सोय असते. ती निवडली की बाकीचे तो स्वतः करतो. ती सोय नसेल तर राउटर जाळ्यात खोचण्यापूर्वी एकटाच एका लॅपटॉपला तारेने जोडावा, त्याचे मांडणीचे पान उघडावे आणि दोन गोष्टी कराव्या. पहिली, त्याचा स्वतःचा पत्ता जुन्या डब्याच्या मालिकेत आणावा. जुना डबा १९२.१६८.१.१ असेल तर नव्याला १९२.१६८.१.२ द्यावा. मात्र तो पत्ता प्रिंटरला किंवा दुसऱ्या यंत्राला दिलेला नाही आणि जुना डबा जे पत्ते वाटतो त्यांतही तो येत नाही, याची खात्री करून घ्यावी. दुसरी, नव्याचे डीएचसीपी बंद करावे. त्यानंतर जुन्या स्विचमधून आलेली तार नव्याच्या लॅन पोर्टात खोचावी, वॅन पोर्टात नव्हे. वॅनचे छिद्र बहुधा निराळ्या रंगाचे असते आणि माणूस स्वभावतः तेथेच तार खोचतो. नवा पत्ता कागदावर लिहून तो कागद राउटरच्या बुडाशी चिकटवून ठेवावा. सहा महिन्यांनी तो कोणाच्याही स्मरणात नसतो.

आणखी एक. एकाच स्विचमधून दोन तारा राउटरच्या दोन लॅन पोर्टांत नेल्या तर वेग दुप्पट होतो अशी समजूत क्वचित आढळते. तसे होत नाही. संदेश त्या वर्तुळात फिरत राहतात आणि काही क्षणांत सारे जाळे ठप्प होते.

ओसरी आणि माजघर

आता रुग्णांना वाय-फाय देण्याचा प्रश्न. येथे बहुतेक तंत्रज्ञ सांगतात तो मार्ग असा: नव्या राउटरच्या वॅन पोर्टात जुन्या स्विचमधील तार खोचावी, म्हणजे नव्याचे जाळे वेगळे होते, ते वाय-फाय रुग्णांना द्यावे, चिकित्सालयाचे संगणक जुन्या जाळ्यातच राहू द्यावेत. दोन मालिका वेगळ्या, पत्त्यांचा गोंधळ नाही, सर्व काही सुरळीत. ऐकताना हे निर्दोष वाटते. वस्तुतः ही मांडणी नेमकी उलटी आहे.

जुन्या वाड्याचे उदाहरण घेऊ. देवडीतून आत आल्यावर ओसरी लागते, ओसरीतून आत माजघर. माजघरातील माणूस केव्हाही ओसरीवर येऊ शकतो आणि तेथून रस्त्यावरही जाऊ शकतो. ओसरीवर बसलेल्या पाहुण्याने मात्र आतून बोलावल्याशिवाय माजघरात पाऊल टाकावयाचे नसते. राउटर हे असेच एक दार आहे. आतून बाहेर जाणाऱ्याला ते अडवीत नाही. बाहेरून न बोलावता येणाऱ्याला आत सोडीत नाही. जुना डबा ही देवडी. त्याच्यामागील जुने जाळे ही ओसरी. नवा राउटर त्या ओसरीत बसविला की त्याच्या आतील जाळे हे माजघर झाले.

वरील मांडणीत आपण पाहुण्यांना माजघरात नेऊन बसविले आणि हिशेबाच्या वह्या व रुग्णपत्रके ओसरीवर ठेवली. कार्यालयातील संगणकावरून रुग्णाच्या मोबाइलपर्यंत जाता येत नाही, हे खरे. पण रुग्णाच्या मोबाइलवरून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश ओसरीवरूनच जातो आणि जाता जाता प्रिंटरला, बिलांच्या संगणकाला, सामायिक केलेल्या फोल्डरला हाक मारू शकतो. ज्याचे रक्षण करावयाचे ते उघड्यावर पडले.

याचा पडताळा कोणालाही घेता येतो. जाळ्यातील बहुतेक प्रिंटरांचे स्वतःचे एक मांडणीचे पान असते. आपला मोबाइल रुग्णांच्या वाय-फायला जोडावा आणि ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता लिहावा. प्रिंटरचे पान उघडले, तर त्याच वाटेने इतर संगणकांपर्यंतही जाता येते असे समजावे. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि वाय-फाय देणाऱ्या प्रत्येक चिकित्सालयाने ती करून पाहावी असा आमचा आग्रह आहे.

योग्य मांडणीचे मार्ग एकापेक्षा अधिक आहेत. सर्वांत सरळ म्हणजे देवडीवरील डब्यातच पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढण्याची सोय असेल तर ती वापरणे. बहुतेक चांगल्या राउटरांत ती असते. पण येथे एक खाचखळगा आहे. हीच सोय ॲक्सेस पॉइंट म्हणून बसविलेल्या नव्या राउटरमध्ये चालू केली, तर पडद्यावर पाहुण्यांचे वेगळे नाव दिसते, पासवर्डही वेगळा असतो, परंतु अनेक स्वस्त राउटरांत आतून ते जाळे वेगळे झालेलेच नसते. म्हणून नावावर विसंबून न राहता प्रिंटरची परीक्षा येथेही करावी.

दुसरा मार्ग म्हणजे वाड्यातील जागांची अदलाबदल. रुग्णांनी देवडीवरील डब्याचे वाय-फाय वापरावे. नवा राउटर त्या डब्यामागे वॅन पोर्टाने जोडावा. आणि कार्यालयाचा संपूर्ण स्विच, म्हणजे बिलांचे संगणक, प्रिंटर, वैद्यांचा लॅपटॉप हे सर्व नव्या राउटरच्या आत आणावेत. येथे नव्याचे डीएचसीपी चालूच ठेवावयाचे असते, कारण आतील घराचा कारभारी आता तोच आहे. दोन्हींच्या पत्त्यांच्या मालिका मात्र वेगळ्या असल्याच पाहिजेत, दोघेही १९२.१६८.१.१ असतील तर नवा राउटर आत-बाहेर ओळखू शकत नाही आणि इंटरनेट बंद पडते. प्रिंटर आणि बिलांचा मुख्य संगणक यांना कायमचे पत्ते दिलेले असतात, ते सर्व बदलावे लागू नयेत यासाठी एक युक्ती आहे: जुनी मालिका आतील राउटरला द्यावी आणि देवडीवरील डब्याची मालिका बदलावी. इंटरनेट कंपनीने डब्याची मांडणी कुलूपबंद केलेली असेल तर हा बदल कंपनीकडूनच करून घ्यावा लागतो. या मार्गाची एक गैरसोय सांगितली पाहिजे. एकामागे एक दोन दारे झाल्याने, बाहेरून आपल्या कार्यालयातील कॅमेरे पाहण्याची किंवा घरून पेढीच्या संगणकावर काम करण्याची जुनी मांडणी बंद पडू शकते. ती पुन्हा करून घ्यावी लागते. ज्या जाहिरातीत ही गैरसोय 'काहीच फरक पडत नाही' अशा शब्दांत उडवून लावलेली असते, तिच्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय देवडीवरील डब्याचे मांडणीचे पान पाहुण्यांना दिसू शकते, म्हणून त्याचा व्यवस्थापनाचा पासवर्ड मूळचा ठेवू नये.

अंतर्रुग्ण विभाग, पंचकर्म कक्ष, औषधनिर्माणशाळा असा पसारा असलेल्या रुग्णालयांनी वरील दोन्ही मार्गांऐवजी जाळ्याचे विभाग पाडणारा स्विच घेऊन कुशल तंत्रज्ञाकडून काम करून घ्यावे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

आणि तिसरा मार्ग, जो आम्हांस लहान चिकित्सालयांसाठी सर्वांत शहाणपणाचा वाटतो: रुग्णांना वाय-फाय देऊच नये. आज बहुतेकांच्या मोबाइलमध्ये स्वतःचे इंटरनेट असते. अर्धा तास प्रतीक्षा करणाऱ्या रुग्णाला पथ्यापथ्याची पत्रिका आणि स्वच्छ पाणी द्यावे; वाय-फाय न मिळाल्याने कोणी वैद्य बदलल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

एवढे कशासाठी

'आमच्या संगणकात असे काय आहे की कोणी चोरावे?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याला दोन उत्तरे आहेत आणि ती वेगवेगळी आहेत.

पहिले उत्तर महाराष्ट्रातच मिळाले. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोटांची मालिका झाली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल पोहोचला होता. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका सदनिकेपर्यंत आले. तेथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाच्या असुरक्षित वाय-फायचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या दिवशी, चेंबूरमधील एका खाजगी कंपनीचे वाय-फाय अशाच ई-मेलसाठी वापरले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय जोडण्या सुरक्षित करण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या. या घटनांत कोणाच्याही संगणकातील काही चोरीस गेले नव्हते. वापरला गेला तो फक्त पत्ता. आणि तपासाचा पहिला रोख त्या पत्त्याच्या मालकावर आला. पासवर्ड नसलेले किंवा फलकावर लिहून ठेवलेले वाय-फाय म्हणजे आपल्या नावाचे कोरे लेटरहेड रस्त्यावर ठेवण्यासारखे आहे.

दुसरे उत्तर इंग्लंडातले. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा संगणकविषाणू जगभर पसरला. जाळ्यातील एक संगणक बाधित झाला की फाइली सामायिक करण्याच्या व्यवस्थेतील एका दोषाचा फायदा घेऊन तो शेजारच्या विंडोज संगणकांत आपोआप शिरत असे आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील सुमारे एक तृतीयांश ट्रस्टना त्याची झळ पोहोचली. रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, काही ठिकाणच्या रुग्णवाहिका दुसरीकडे वळवाव्या लागल्या. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. आपल्या पेढीत बिलांचा फोल्डर सर्व संगणकांसाठी खुला असतो, बिलांचा संगणक बहुधा सर्वांत जुना असतो आणि 'चालते आहे तोवर हात लावू नका' या न्यायाने त्यावर दुरुस्त्या कधी बसवलेल्या नसतात. अशा संगणकाच्या शेजारी अनोळखी लॅपटॉप आणून बसविणे म्हणजे काय, हे वैद्यांना निराळे सांगण्याचे कारण नाही. संसर्गाला द्वेष लागत नाही, सान्निध्य पुरते.

आणखी एक बाब आपल्या शास्त्राची आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात आचार्य शिष्याला जो उपदेश करतात, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर सांगू नयेत अशी स्पष्ट आज्ञा आहे. वंध्यत्व, अर्श, त्वग्विकार, मानसविकार यांची पत्रके आपल्या संगणकात असतात. औरंगपुऱ्यातील रुग्णाची शेजारीण त्याच प्रतीक्षाकक्षात बसलेली असते. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने या जुन्या आज्ञेला आता दंडाचे बळ दिले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यांसमोर ठेवून आहे हे उघड आहे. परंतु 'वाजवी उपाय' कोणते योजले, हा प्रश्न लहान चिकित्सालयालाही विचारला जाऊ शकतो.

भिंती, धूळ आणि वीज

परवान्याची शंका काही जण विचारतात. २००५ साली केंद्र शासनाने २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील अल्पशक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट दिली आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग खुला केला. त्यामुळे कार्यालयीन राउटरसाठी वेगळा परवाना लागत नाही. या दोन पट्ट्यांत निवड करताना आपल्या इमारतीकडे पाहावे. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज या भागांतील जुन्या वास्तूंच्या दगड-चुन्याच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झचा संदेश सहज अडवितात, तेथे २.४ अधिक दूर जातो. सिडकोतील नव्या बांधकामात एकाच मोठ्या खोलीत काम असेल तर ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि कमी गर्दीचा. दाट वस्तीत २.४ वर शेजारपाजारच्या डझनभर राउटरांचा कोलाहल असतो. तेथे १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळी वाहिनी निवडावी. मधल्या वाहिन्या घेतल्यास दोन्हीकडचा उपद्रव सोसावा लागतो.

आतल्या खोलीत संदेश पोहोचत नसेल तर दुकानदार रिपीटर नावाचे छोटे यंत्र सुचवितो. ते साधारण रिपीटर ऐकलेलेच पुन्हा बोलते आणि त्या दुहेरी कामात वेग निम्म्यापर्यंत घटतो. त्यापेक्षा भिंतीला एक भोक पाडून कॅट-६ तार आत न्यावी आणि तेथे ॲक्सेस पॉइंट बसवावा; अशी तार १०० मीटरपर्यंत निर्वेध चालते. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांतून घरोघर पोहोचविणारी नहर-ए-अंबरी ज्या शहरात सतराव्या शतकात बांधली गेली, तेथील लोकांना मुख्य वाहिनी आणि फाटा यांतील भेद समजावून सांगावयास नको. बिलांचा मुख्य संगणक आणि प्रिंटर तर तारेवरच ठेवावेत. बिनतारी सोय फिरत्या यंत्रांसाठी आहे, एका जागी बसलेल्यांसाठी नव्हे.

जागा निवडताना आपल्या व्यवसायाचे दोन शत्रू ध्यानात घ्यावेत. एक चूर्णाची धूळ, दुसरा तेलाचा धूर. खलबत्ता वा चक्की चालते त्या खोलीत ठेवलेल्या राउटरच्या जाळीत वर्षभरात एवढी धूळ बसते की मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तो तापून वारंवार बंद पडू लागतो. तैलपाकाच्या भट्टीजवळची जागाही टाळावी. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्याआड तो असू नये. विजेबाबत एकच सूचना: इंटरनेटचा डबा, स्विच आणि नवा राउटर ही तिन्ही यंत्रे एकाच इन्व्हर्टरवर घ्यावीत. तिघांपैकी एक जरी वगळले तरी वीज गेल्यावर उरलेली दोन निरुपयोगी ठरतात, आणि वगळलेला तो बहुधा कपाटामागचा स्विचच असतो.

मांडणीच्या पानावर करावयाच्या इतर गोष्टी थोड्या आहेत. व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलावा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-३ असावा. जुनी यंत्रे जोडली जात नसतील तर डब्ल्यूपीए-२. त्याखालचे काहीही नको. बटण दाबून जोडण्याची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद ठेवावी. तिच्यातील आकडी किल्लीचा दोष २०११ पासून सर्वज्ञात आहे. बाहेरून व्यवस्थापन करण्याची सोय बंद ठेवावी. राउटरच्या अंतर्गत प्रणालीची सुधारित आवृत्ती मिळत असेल तर ती बसवावी, आणि मिळणे बंद झाले असेल तर राउटर बदलावा. काम सोडून गेलेल्या सहायकाला पासवर्ड ठाऊक असतो हे विसरू नये. त्या दिवशी दुकानाची किल्ली परत घेतो तसा पासवर्डही बदलावा. पेढीचा दूरध्वनी क्रमांक हा पासवर्ड म्हणून ठेवण्याची प्रथा फार आहे. तो क्रमांक प्रत्येक बिलावर छापलेला असतो.

हे काम करण्यास एका जाणत्या तंत्रज्ञाला अर्धा दिवस पुरतो. तो सोमवार सकाळचा नसावा. महिन्याच्या ११ आणि २० तारखा, म्हणजे जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी भरण्याच्या मासिक मुदती, तसेच धन्वंतरी जयंतीच्या आसपासचा गर्दीचा आठवडा टाळावा. बिलांच्या संगणकाची एक प्रत आदल्या दिवशी वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. काम संपल्यावर तंत्रज्ञाने पैसे घेण्यापूर्वी कोणती तार कोठून कोठे जाते, कोणत्या यंत्राचा पत्ता कोणता, याचा हाताने काढलेला नकाशा द्यावा, आणि प्रिंटरची ती दोन मिनिटांची परीक्षा आपल्यासमोर करून दाखवावी.